ऑस्ट्रेलियात पोरांकडं जायलात? मग बाहेर जेवायचं कसं तेवढं वाचून जा

आमच्या कॉलनीतून ह्या वर्षी तीन घरची माणसं ऑस्ट्रेलियाला पोरांकडं जायलेत, अन सगळे आमच्याकडं येऊन एकच विचारायलेत, सोबत काय न्यायचं, किती किलो न्यायचं, चटणी चालती का, ज्वारीचं पीठ चालतं का. बाहेर जेवायचं कसं हे कुणीच विचारत नाही. अन खरं सांगू का, तिथं गेल्यावर आपलं अडतंय ते तिथंच. पोरं पाच दिवस कामावर, शनिवार-रविवार आला की म्हणतात चला आई, चला बाबा, बाहेर जाऊ, अन आपण मेनू हातात धरून बसतो, अर्धे शब्द कळत नाहीत, किमती बघून मनातल्या मनात साठनं गुणतो अन शेवटी म्हणतो, "मला भूक नाही बाळा, तुम्ही खा." पहिल्या खेपेला मी हे किती वेळा म्हणलं असंल त्याचा हिशेब नाही, दर वेळी लेकीचा चेहरा उतरायचा. म्हणून हे लिहायलेय. मी लातूरची, लेक-जावई मेलबर्नला, माझ्या अन ह्यांच्या दोन खेपा झाल्यात, मधी आठ दिवस सिडनीला पण राहून आलो. दुसऱ्या खेपेला आम्ही दोघंच ट्रेननं शहरात जाऊन जेवून यायचो. तुम्हाला पण जमतंय, फक्त काही गोष्टी आधी माहीत पाहिजेत.

पहिला घोळ 'हॉटेल' ह्या शब्दाचा. आपण खाण्याच्या जागेला हॉटेल म्हणतो, तिथं चौकाचौकात जुन्या दगडी इमारतींवर मोठ्या अक्षरात हॉटेल लिहिलेलं दिसतंय, पण ते बहुतेक पब असतंय, म्हणजे दारू आधी अन जेवण त्याच्या जोडीला. तिथं घरच्यांसोबत, लेकरं घेऊन जेवायला जातात लोक, वाईट काही नाही त्यात, पण चहा-नाष्टा होईल म्हणून आत शिराल तर तसं नसतंय. चहा-कॉफी, नाष्ट्यासाठी कॅफे, जेवणासाठी रेस्टॉरंट, एवढं डोक्यात ठेवा.

मग वेळ. हे लई महत्त्वाचं, कारण आपलं पोट ज्या वेळेला मागतंय त्या वेळेला तिथं किचन बंद असतंय. कॅफे सकाळी साडेसहा-सातला उघडतात, दुपारी दोन-अडीचला खायचं बंद, अन तीन-चारला शटर खाली. आपल्याला पाच वाजता चहाची तलफ येती, त्या वेळेला बाहेर चहा मिळंल हा भरवसा ठेवू नका. रेस्टॉरंटात दुपारी बारा ते अडीच, मग मधी बंद, परत संध्याकाळी साडेपाच-सहापासून. अन रात्री नऊला बऱ्याच ठिकाणी शेवटची ऑर्डर घेतात. आपल्याकडं मालिका संपल्यावर साडेनऊला ताटं घेतात, तिथं तेवढ्या उशिरा गेलात तर दारातच 'किचन क्लोज्ड' ऐकून परत यावं लागंल. लई ठिकाणी सोमवारी पण बंद असतंय. निघायच्या आधी पोरांना फोनवर वेळ बघायला सांगा, नाहीतर स्वतः बघा, नकाशात नाव टाकलं की वेळ येती.

आता कॅफे. पहिल्या खेपेला आम्ही दोघं घराजवळच्या स्टेशनपाशी एका कॅफेत गेलो. आत जाऊन चांगलं खिडकीपाशी टेबल धरलं अन बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला, कुणी आलंच नाही. एक पोरगी शेजारच्या टेबलावरच्या बश्या उचलून गेली, आमच्याकडं बघून हसली अन निघून गेली. ह्यांना लई लागलं मनाला, म्हणले आपल्याला बघून कुणी येईना, चल उठ. आम्ही उठून आलो. संध्याकाळी लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, आई, तिथं काउंटरवर जाऊन सांगायचं असतंय गं, टेबलावर कुणी येत नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिथंच गेलो. काउंटरवर सांगितलं, पैसे दिले, तिनं स्टीलच्या दांडीवर लावलेला १४ नंबर हातात दिला, तो टेबलावर उभा केला अन पाच मिनिटात कॉफी समोर. म्हणून सांगते, आत गेलं की आधी दोन मिनिटं उभं राहून बघा बाकीचे लोक काय करायलेत. काउंटरपाशी रांग असंल तर तिथं सांगायचं. दारातच 'प्लीज वेट टू बी सीटेड' अशी पाटी असंल तर तिथंच थांबायचं, कुणीतरी येऊन बसवतंय, आपल्या मनानं टेबल धरायचं नाही. अन टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला असंल तर फोननं स्कॅन करून ऑर्डर करायची अन पैसे पण त्यातच भरायचे. ते जमत नसंल तर सरळ हात करून सांगा, की फोनवर जमत नाही, कागदाचा मेनू द्या. देतात. कुणी कपाळाला आठ्या घालत नाही.

काउंटरवरची पोरगी आधी 'हाउ यू गोइंग' म्हणती. कुठं जायलात असं विचारायली नाही ती, कशा आहात असं विचारायली. 'गुड, थँक्यू' म्हणायचं अन ऑर्डर सांगायची. मग ती 'हॅव हिअर ऑर टेक अवे' विचारणार, इथं बसून घेणार का नेणार. बसून घेणार असाल तर 'हॅव हिअर', कपबशीत मिळती.

कॉफीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथली कॉफी खरंच चांगली असती अन त्या लोकांचा जीव आहे तिच्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतून, ग्रीसमधून लई लोक तिकडं गेले, त्यांनी मशीनची कॉफी रुजवली. मेलबर्नच्या बर्क स्ट्रीटवर पेलेग्रिनीज म्हणून एस्प्रेसो बार आहे, १९५४ पासूनचा, लाल पाटी, आत उंच स्टुलांची रांग, जावईबापूंनी मुद्दाम दाखवलं. अमेरिकेच्या स्टारबक्सला २००८ साली तिथली ८४ पैकी ६१ दुकानं बंद करावी लागली, कारण गल्लीतल्या कॅफेतच चांगली कॉफी मिळायची. तर ती मागायची कशी? आपल्यासारखी नुसती 'एक कॉफी' म्हणून चालत नाही. फ्लॅट व्हाइट म्हणजे दुधाची कॉफी, वर फेस अगदी पातळ, मला हीच आवडली, आपल्या चवीला जवळची आहे. लाटे म्हणजे तीच पण फेस जरा जास्त अन बऱ्याचदा काचेच्या ग्लासात. कॅपुचिनोवर लई फेस अन चॉकलेटची पावडर भुरभुरलेली. लाँग ब्लॅक बिनदुधाची, शॉर्ट ब्लॅक म्हणजे एवढुशी अन कडूजहर, ती चुकून मागवू नका. दुधाची पण लहान पाहिजे असंल तर पिकोलो, अन रात्री झोप येत नाही म्हणून कॉफी टाळणाऱ्यांनी डिकॅफ सांगायची. कशातच साखर नसती, टेबलावर पुड्या असतात, नाहीतर सांगतानाच 'टू शुगर्स' म्हणा.

अन एक गोष्ट आपल्या माणसांना हमखास खटकती, कॉफी कोमट लागती. ते दूध उकळत नाहीत, साधारण ६० ते ६५ अंशालाच थांबतात, त्यावर गेलं की दुधाचा गोडवा जातो म्हणतात. आपल्याला वाफाळतं पाहिजे असतंय, तर ऑर्डर देतानाच 'एक्स्ट्रा हॉट' म्हणा. आमच्या ह्यांनी हे दोन शब्द शिकल्यापासून कुरकुर बंद झाली. सोयाचं, बदामाचं, ओटचं दूध पण असतंय, त्याचे पन्नास-साठ सेंट वर पडतात.

चहा पिणाऱ्यांनी मन घट्ट करा. 'चाय लाटे' म्हणून जे मिळतंय तो आपला चहा नाही, पुष्कळ ठिकाणी सिरप नाहीतर पावडर टाकलेलं दालचिनीच्या वासाचं गोड दूध असतंय. काही कॅफेत 'स्टिकी चाय' असतो, त्यात चहापत्ती अन मसाले मधात भिजवून ठेवलेले असतात, तो बराच बरा. 'डर्टी चाय' दिसला तर त्यात कॉफी घातलेली असती. माझं ऐकाल तर 'इंग्लिश ब्रेकफास्ट टी' मागा, किटलीत पत्ती अन गरम पाणी, दूध वेगळ्या भांड्यात, चार-पाच मिनिटं चांगला उतरू द्या, रंग काळपट झाला की मग दूध. टपरीवरच्या हाफ चहाची सर नाही, पण घशाखाली समाधानानं उतरतो.

नातवंडं असतील तर ती बेबीचिनो मागतात, लहान कपात फेसाळलेलं दूध अन वर चॉकलेट पावडर, कॉफी नसती त्यात. सोबत बशीत गुलाबी-पांढरं मार्शमॅलो ठेवतात. ते जिलेटिनचं असतंय अन जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात, घरात शाकाहार पाळत असाल तर 'नो मार्शमॅलो' आधीच सांगा, लेकराच्या हातात गेल्यावर काढून घेतलं की रडारड होती.

आता शाकाहाराचंच सविस्तर सांगते, कारण आमच्या घरात हे माळकरी आहेत, वर्षानुवर्षं गळ्यात तुळशीची माळ आहे, पंढरीची वारी चुकवत नाहीत. एका संध्याकाळी मेलबर्नच्या एका रेस्टॉरंटात लेकीनं त्यांच्यासाठी मशरूम रिसोटो मागवला. रिसोटो म्हणजे आपल्या मऊ खिचडीसारखा भात, नावात फक्त मशरूम, कुणाला काय शंका येणार. अर्धी बशी झाली अन लेकीच्या मनात काय आलं काय की, तिनं वेटरला हाक मारून विचारलं. तो आत गेला, दोन मिनिटांनी आला अन खाली वाकून हळू आवाजात म्हणाला की भात चिकनच्या स्टॉकमध्ये, म्हणजे चिकन उकळून काढलेल्या पाण्यात शिजवलाय. ह्यांनी चमचा बशीच्या कडेला ठेवला, पाणी पिलं, काही बोलले नाहीत. लेकीच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. तो पोरगा इतका वरमला, बशी उचलली, बिलातून ते काढून टाकलं, अन न सांगता दुसरं बिनस्टॉकचं करून आणून दिलं. त्याची चूक नव्हती, आम्ही विचारलंच नव्हतं. पण ती रात्र मी विसरले नाही अन तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून हे एवढं लांबण लावायलेय.

मेनूत पदार्थापुढं बारीक अक्षरं असतात. बहुतेक ठिकाणी व्ही म्हणजे व्हेजिटेरियन, व्हीजी नाहीतर व्हीई म्हणजे व्हीगन, त्यात दूध, अंडं, मध काहीच नाही. जीएफ म्हणजे गव्हाचं ग्लुटेन नाही, डीएफ म्हणजे दूध नाही. ह्या जीएफ-डीएफचा शाकाहाराशी संबंध नाही, जीएफ लिहिलेलं मटण पण असू शकतंय. अन लक्षात ठेवा, त्यांच्या व्हेजिटेरियनमध्ये अंडं बसतंय. केक, पॅनकेक, ताजा पास्ता, व्हेज बर्गरची टिक्की, सगळ्यात अंडं असू शकतंय. अंडं चालत नसंल तर व्हीगनच बघायचं, नाहीतर 'नो एग' वेगळं सांगायचं. बाकी विचारायच्या जागा अशा, की सूप अन भात असंल तर स्टॉक कशाचा, थाई-व्हिएतनामी असंल तर माशाचा फिश सॉस नाहीतर कालवांचा ऑयस्टर सॉस आहे का, करी पेस्टमध्ये वाळलेली कोळंबी असती कधी कधी, चिप्स तळायचं तेल मासे-चिकनचंच आहे का, अन पनीर-चीज भाज्यांचा तवा वेगळा आहे का. पार्मेझान चीज बऱ्याचदा वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या रसानं जमवलेलं असतंय, कडक पाळणाऱ्यांनी ते पण सोडावं. एवढं सगळं तोंडी सांगताना आपण अडखळतो, म्हणून लेकीनं ह्यांच्या पाकिटात एक चिठ्ठीच करून ठेवलीय इंग्रजीत, त्यात लिहिलंय, मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, मांसाचा स्टॉक नाही, फिश सॉस नाही, जिलेटिन नाही. ती चिठ्ठी वेटरच्या हातात द्यायची, तो आत नेऊन स्वयंपाक करणाऱ्याला दाखवतो, येऊन सांगतो हे चालंल, ते चालणार नाही. आपल्या हॉटेलात असं बारीक विचारलं की मालक वैतागतो, तिथं उलट आहे, तिथं लोकांना शेंगदाण्याची, दुधाची, गव्हाची ॲलर्जी असती, त्यामुळं विचारणं ही रोजची गोष्ट आहे. लाजू नका. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी टेबल बुक करतानाच सांगितलेलं बरं.

मांसाहार करणाऱ्यांना पण सांगते, तिथं नुसता 'बर्गर' म्हणला की बहुतेक बीफ, 'मीट पाय' म्हणजे पण बीफ, सॉसेज बीफचं नाहीतर डुकराचं, अन नाष्ट्याच्या अंड्यासोबत बेकन म्हणजे डुकराचं असतंय. लॅम्ब म्हणजे मेंढीचं कोकरू, ते आपल्या लोकांना आवडतंय. हलाल पाहिजे असंल तर लेबनीज, तुर्की, अफगाणी दुकानांच्या काचेवर पाटी असती, नसली तर विचारा, सांगतात.

मेनूत अजून काही शब्द फसवतात. एन्ट्रे म्हणजे तिथं आधी खायचं थोडंसं, अन मेन म्हणजे मुख्य जेवण. साइड्स म्हणजे तोंडी लावायला, त्याचे पैसे वेगळे. 'टू शेअर' लिहिलं असंल तर एक प्लेट मधी ठेवून सगळ्यांनी खायची. चिप्स म्हणजे जाड बटाट्याचे तळलेले तुकडे, गरम गरम, उपवासाला काहीच नाही मिळालं तर ते चालून जातात, पण 'चिकन सॉल्ट' म्हणजे चिकनच्या चवीचं मीठ नको, साधं मीठ टाका म्हणून सांगा, अन तेलाचं विचारा. लेमनेड मागवलं तर लिंबूसरबत येत नाही, बाटलीतला गोड पांढरा सोडा येतो. टोमॅटो सॉसचे पण पैसे लावतात काही ठिकाणी, अन हे आपल्या माणसाला लई झोंबतंय, कारण आपल्या खानावळीत कांदा-लिंबू, रस्सा, ठेचा न मागता ताटात पडतो. तिथं भात वेगळा, रोटी वेगळी, पापड वेगळा, भारतीय रेस्टॉरंटात सुद्धा. भाजीची किंमत बघून हिशेब करू नका, रोटी-भात धरून करा.

पैशाचं बोलूच. एक डॉलर म्हणजे साठ रुपयांच्या आसपास धरा. फ्लॅट व्हाइट पाच-सहा डॉलर, कॅफेतली टोस्टवरची ॲव्होकाडोची प्लेट वीस-पंचवीस, रेस्टॉरंटातलं मुख्य जेवण पंचवीस ते चाळीस, फूड कोर्टात बारा ते अठरामध्ये पोट भरतंय. ऐकायला लई वाटतंय. पण मेनूवर लिहिलेल्या किमतीत १० टक्के जीएसटी आधीच धरलेला असतो, आपल्यासारखा बिलाच्या खाली वाढत नाही. अन टिप द्यायची पद्धत नाही. कार्डाच्या मशीनवर टिपचा पर्याय आला तर 'नो टिप' दाबा, कुणी वाईट वाटून घेत नाही, कारण तिथं वाढणाऱ्याला पगार नीट मिळतो. १ जुलै २०२५ ला कमीत कमी मजुरी तासाला २४.९५ डॉलर केली होती, अन शनिवार-रविवारी त्याहून जास्त द्यावी लागती. आपल्याकडची शिकायला गेलेली किती पोरं तिथं बश्या धुतात, टेबल पुसतात, भाजी चिरतात. लेकीच्या ओळखीतला परभणीकडचा एक पोरगा कॉलेज करून संध्याकाळी किचनमध्ये काम करतो, त्याच्या खोलीचं भाडं त्यातूनच जातंय. ते कळल्यापासून मला ती किंमत तेवढी टोचत नाही.

पण ह्याचमुळं रविवारी अन सुट्टीच्या दिवशी बिलावर सरचार्ज, म्हणजे वरचे जादा पैसे लावतात. रविवारी १० टक्के, सरकारी सुट्टीला १५ टक्के, असं बऱ्याच ठिकाणी दिसतंय, काही ठिकाणी शनिवारी पण. हे मेनूवर स्पष्ट लिहिणं त्यांना बंधनकारक आहे, पण बहुतेक मेनूच्या खालच्या ओळीत असतंय अन आपण खालपर्यंत वाचत नाही. बिल आल्यावर वाद घालण्यापेक्षा बसल्या बसल्या आधी तळाची ओळ वाचायची. कार्डानं पैसे दिले की एक-दीड टक्का वर घेतात काही जण, ते पण तिथंच लिहिलेलं असतंय. अन काही दुकानं रोख घेतच नाहीत, म्हणून एकटं जाणार असाल तर पोरांकडून कार्ड घेऊन जा. पाच-सहा घरं मिळून जेवायला गेलात तर बिल वाटून देतात का ते आधी विचारा, काही ठिकाणी 'नो स्प्लिट बिल्स' अशी पाटीच असती.

पाणी. वेटर येऊन 'स्टिल ऑर स्पार्कलिंग', म्हणजे साधं का बुडबुड्याचं, विचारतो, आपण गोंधळून स्टिल म्हणतो अन सात-आठ डॉलरची बाटली टेबलावर येती. 'टॅप वॉटर प्लीज' म्हणायचं. नळाचं पाणी तिथं पिण्याचंच असतंय, अन मेलबर्न-सिडनीत दारूचं लायसन्स असलेल्या ठिकाणी ते फुकट द्यावंच लागतंय. बाटली भरून आणून ठेवतात, पाहिजे तेवढं प्या. आपण उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेली माणसं, २०१६ ला तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, मला ती भरलेली बाटली टेबलावर तशीच सोडून उठवत नाही, घोट घोट करून संपवते.

शुक्रवार-शनिवारी रात्री टेबल आधी बुक करावं लागतंय. पोरं फोनवरनं करतात, काही ठिकाणी कार्डाचा नंबर घेतात अन न कळवता गेलो नाही तर पैसे कापतात. वेळेवर पोचा, आपली अर्ध्या तासाची सवय तिथं चालत नाही, कारण टेबल दीड-दोन तासांसाठीच दिलेलं असतंय अन पुढचे लोक येणार असतात. लेकरासाठी उंच खुर्ची पाहिजे, पायऱ्या चढवत नाहीत, हे पण बुक करतानाच सांगायचं. पबमध्ये जेवायला गेलात तर बारपाशी जाऊन ऑर्डर द्यायची, टेबलाचा नंबर सांगायचा, एक गोल डबी देतात, ती थरथरली की जाऊन ताट घ्यायचं. पबच्या दारावर 'नो थाँग्स' लिहिलेलं असतंय, थाँग्स म्हणजे रबरी चप्पल, बूट नाहीतर सँडल घालून जा. अन बाहेरच्या टेबलावर सुद्धा जेवणाच्या जागी सिगारेट ओढता येत नाही.

कुठं जायचं? मेलबर्नला डिग्रेव्ह्स स्ट्रीट म्हणून फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोर एक बोळ आहे, दोन्ही बाजूंनी कॅफे, सकाळी जाऊन बसायला लई छान. लायगन स्ट्रीट इटालियन लोकांची, पिझ्झा-पास्त्यासाठी. रिचमंडची व्हिक्टोरिया स्ट्रीट व्हिएतनामी लोकांची. शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे, तेवढ्यात फिरून जेवून येता येतंय. स्वॉनस्टन स्ट्रीटवर हरे कृष्णवाल्यांचं शाकाहारी जेवण मिळतंय, तिथं ह्यांना चिठ्ठी काढावी लागत नाही. सिडनीला पॅरामॅटाजवळ हॅरिस पार्क म्हणून भाग आहे, विग्रम स्ट्रीटवर उतरलात की डोसा, चाट, थाळी सगळं. बौद्ध लोकांची चायनीज-व्हिएतनामी शाकाहारी हॉटेलं पण असतात, तिथं मेनूत 'चिकन', 'डक' वाचून दचकू नका, सोयाबीनचंच करतात ते. अन लातूरच्या माणसाला सोयाबीन काय नवीन. लेबनीज ठिकाणी फलाफल म्हणजे हरभऱ्याचे वडे, हम्मस म्हणजे हरभऱ्याची चटणी, वांग्याचं भरीत, नरम रोटी, पोटभर होतंय अन परवडतंय.

पण आम्हाला सगळ्यात जवळचं वाटलं ते इथिओपियाचं जेवण. जावईबापूंनी मेलबर्नच्याच फुटस्क्रे भागात नेलं, मी आधी नाही नाही म्हणत होते. परातीएवढं एक मोठं गोल ताट आलं, त्यात अख्ख्या ताटाएवढी एक मऊ, जाळीदार, आंबट पोळी पसरलेली, आंबवलेल्या पिठाची, तिला इंजेरा म्हणतात, टेफ नावाच्या बारीक धान्याची असती. अन तिच्यावरच ढीग ढीग करून मसुराची तिखट लाल आमटी, पिवळी डाळ, कोबी-गाजर-बटाट्याची भाजी, पालेभाजी, बीट. चमचा नाही, काटा नाही, हातानं तुकडा मोडायचा अन भाजी उचलायची, सगळ्यांनी एकाच ताटात. त्या लाल आमटीतला मसाला तोंडात गेला अन ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आपल्या येसर आमटीची आठवण आली असणार. त्यांच्यातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांमध्ये बुधवार-शुक्रवार उपवास असतो, त्या दिवशी मांस, अंडं, दूध, तूप काहीच खात नाहीत, म्हणून हे बिनमांसाचं ताट कायम मेनूत असतंय, 'बेयाइनेतु' नाहीतर 'फास्टिंग' म्हणून मागा. वाढणारी बाई आमच्याच वयाची होती, ह्यांच्या गळ्यातल्या माळेकडं बघून तिनं लेकीला विचारलं हे काय आहे, लेकीनं सांगितलं, तर तिनं पदराआड बोट घालून स्वतःच्या गळ्यातला काळ्या दोऱ्याचा क्रूस दाखवला. मग न मागता अजून एक इंजेरा आणून ठेवला. ह्यांनी ताटाच्या तळाची, आमटी मुरलेली पोळी शेवटपर्यंत खाल्ली. रात्री घरी येताना ट्रेनमध्ये म्हणले, परत इथंच येऊ.

अन्न उरलं तर टाकून उठू नका. 'कंटेनर प्लीज' म्हणा, प्लास्टिकचा नाहीतर कागदाचा डबा देतात, कधी अर्धा-एक डॉलर घेतात, आपण भरून घ्यायचं. बुफे असंल तर नेऊ देत नाहीत, अन काही ठिकाणी नियमामुळं नाही म्हणतात, तिथं हट्ट धरू नका. घरी आल्या आल्या फ्रिजमध्ये ठेवा. आम्ही हॅरिस पार्कहून दोन डबे भात आणला होता. अन जाताना घरचा काळा मसाला सोबत होता, विमानातल्या कार्डावर खाण्याचं सामान आहे ह्या प्रश्नाला 'हो' लिहिलं होतं, ऑफिसरनं पिशवी उघडून बघितली अन परत दिली, तुम्ही पण लपवू नका, दंड लई मोठा असतोय. तर सकाळी त्या भाताला शेंगदाणे, कांदा अन काळ्या मसाल्याची फोडणी दिली, अन निघायच्या आधी लेकीनं कढईतूनच डब्यात भरून घेतला.